शहीद की हुतात्मा? वेशीवरच्या कमानीचा वाद आणि माझं लांबलेलं उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत सांगतो. तुमच्या गावचा निमलष्करी दलातला एक जवान डोंगरी भागात बंदोबस्ताला जाताना गाडी दरीत कोसळून गेला. गावानं वर्गणी काढून वेशीवर कमान उभी करायचं ठरवलंय आणि ग्रॅनाइटच्या पाटीवर काय कोरायचं यावरून आता तीन पार्ट्या पडल्यात. एक म्हणती 'शहीद' लिहा, सगळीकडं तेच लिहितात. दुसरी म्हणती शहीद हा आपला शब्दच नाही, 'हुतात्मा' लिहा. आणि तिसरी, जी पारावर हळू आवाजात बोलती, ती म्हणती पोरगं अपघातात गेलंय, गोळी लागून नाही, मग दोन्हीतलं काहीच कसं लिहिणार. आणि तुम्ही विचारलंय, बरोबर शब्द कुठला ते एका ओळीत सांगा.

एका ओळीत होत नाही ओ. झालं असतं तर गावात भांडण लागलंच नसतं. मी काही भाषेचा प्राध्यापक नाही हे आधीच सांगतो. सोलापुरात एका दैनिकात बारा वर्षं प्रुफं तपासली, मग स्वतःचं डीटीपीचं दुकान टाकलं, त्यालाही वीस वर्षं होऊन गेली. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं, पुण्यतिथीचे फ्लेक्स, शाळेच्या कोनशिला, वाढदिवसाचे भाऊ-दादा-आण्णा, सगळं माझ्या हाताखालून जातं. मेलेल्या माणसाच्या नावाआधी काय लावायचं हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतोच. कुणाला कै. पाहिजे, कुणाला वै., लिंगायत घर असेल तर लिंगैक्य, मुसलमान असेल तर मरहूम. तिथं चूक झाली तर गिऱ्हाईक ओरडतं, पैसे कापतं, विषय संपतो. शहीद आणि हुतात्माचं तसं नाही, तिथं चूक झाली की अख्खं गाव दुकानात येतं.

आधी शब्द काय आहेत ते बघू, म्हणजे दुसऱ्या पार्टीला उत्तर द्यायला तुम्हाला सोपं जाईल.

हुतात्मा म्हणजे हुत अधिक आत्मा. हुत म्हणजे होमात टाकलेलं, आहुती दिलेलं. आहुती, हवन, होम ही सगळी त्याच घरातली पोरं. होळीच्या पौर्णिमेला जुन्या पंचांगात हुताशनी पौर्णिमा म्हणतात ते यामुळंच, हुताशन म्हणजे आहुती खाणारा, म्हणजे अग्नी. तर ज्यानं तुपाऐवजी, समिधांऐवजी स्वतःलाच टाकलं तो हुतात्मा. आपल्या सोलापूरकराला हे वेगळं समजवायची गरजच नाही, आपल्याकडं होम मैदान आहे, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीला तिथं होमप्रदीपन होतं, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लावून पुढं होमात गेलेल्या कुंभारकन्येची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असती. आणि बघा योग कसा, १९३१ ला फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन १२ जानेवारीला असतो, म्हणजे गड्डा भरायच्या तोंडावरच. सकाळी त्यांच्या चार पुतळ्याला हार घालायचे आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत होम बघायला जायचं. शब्दाचा उगम आणि शब्दाचा वापर एकाच आठवड्यात, एकाच गावात. (सावरकरांनी मराठीला दिलेल्या शब्दांच्या याद्या फिरतात त्यात महापौर, दिनांक यांच्यासोबत हुतात्मा पण असतो. म्हणजे शब्द संस्कृत दिसतो, पण आज ज्या अर्थानं आपण वापरतो तो अर्थ तसा ताजाच आहे, स्वातंत्र्याच्या लढ्यातला.)

आता शहीद. हा अरबी. आणि याचं मूळ मरणाशी नाहीच, साक्षीशी आहे. शाहिद म्हणजे साक्षीदार, शहादत म्हणजे साक्ष, आणि शहीद म्हणजे ज्यानं जीव देऊन साक्ष दिली तो. माझ्याच दुकानातला किस्सा सांगतो. एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाचं नाव शाहिद. आमच्या ऑपरेटरनं काना खाल्ला आणि वेलांटी दीर्घ दिली, झालं 'चि. शहीद'. तीनशे पत्रिका छापून झाल्यावर मुलाचे चाचा आले, पत्रिका टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "क्या ओ, शादी के पहलेच शहीद कर दिये पोट्टे कू?" दुकानात हशा पिकला, पण तीनशे पत्रिकांचा कागद माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत हे मी जन्मात विसरणार नाही.

गंमत म्हणजे इंग्रजीतला मार्टर हा शब्द पण असाच. तो मूळ ग्रीक, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साक्षीदार, कोर्टातला साधा साक्षीदार. पुढं ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, धर्म सोड नाहीतर जीव जाईल असं म्हटल्यावर जे हटले नाहीत त्यांना हा शब्द लागला आणि चिकटला. मल्याळममध्ये तर सरळ रक्तसाक्षी म्हणतात, रक्तानं दिलेली साक्ष. आपली पद्धत वेगळी, आपण यज्ञातून शब्द घेतला, त्यांनी कोर्टातून. एक म्हणतो यानं स्वतःला अर्पण केलं, दुसरा म्हणतो यानं खरं काय ते जीव देऊन सांगितलं. मला विचाराल तर दोन्ही अर्थ तोलामोलाचे आहेत, आणि ज्या माणसाला हे दोन्ही लागू पडतात तोच खरा पक्का उमेदवार.

तसा उमेदवार बघायला सोलापूरकराला लांब जावं लागत नाही. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, लोक खवळले, काही दिवस शहरातनं इंग्रजांचा अंमलच उठला आणि मग मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घातली म्हणून लोकांना धरत होते. दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. कुर्बान हुसेन तर जेमतेम विशीतला, 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचा, गिरणी कामगारांत काम करायचा.

आता त्याचं नाव आपण कसं लिहितो बघा. हुतात्मा कुर्बान हुसेन. हुतात्मा म्हणजे आहुती दिलेला. कुर्बान म्हणजे पण अरबीत तेच, अर्पण केलेला, कुर्बानी त्यातलाच शब्द. आणि हुसेन म्हणजे करबलाच्या मैदानात गेलेले हुसेन, ज्यांच्या नावानं मोहरम पाळतात, शहीद म्हटलं की मुसलमान माणसाच्या डोळ्यापुढं पहिले येतात ते. म्हणजे संस्कृत हुतात्मा, अरबी कुर्बान आणि शहिदांतला शहीद हुसेन, तिन्ही एका ओळीत, ते पण आपल्याच गावच्या पुतळ्याखाली. मग जो गडी मला दुकानात येऊन सांगतो की 'साहेब शहीद काढा, तो त्यांचा शब्द आहे', त्याला मी एवढंच म्हणतो की चार पुतळ्यापाशी जा आणि दुसरं नाव मोठ्यानं वाच.

म्हणून दुसऱ्या पार्टीला माझं उत्तर असं, की 'आपला शब्द, त्यांचा शब्द' या कारणासाठी शहीद खोडू नका. मराठीत आपण रोज वापरतो ते अर्ज, वकील, हकीकत, वारस, कायदा हे सगळे त्याच वाटेनं आलेत, गावच्या सातबाऱ्यावर 'तालुका', 'जिल्हा' आहे तोवर हा वाद काढूच नये. पण मराठीत हुतात्मा जास्त मुरलाय, हे मात्र खरं. याचा एक पक्का पुरावा आहे. भगतसिंग आणि राजगुरू, दोघांना एकाच दिवशी, २३ मार्च १९३१ ला, लाहोरच्या एकाच जेलमध्ये फाशी झाली. एकच खटला, एकच दोर. तरी आपल्या तोंडात काय बसलंय? शहीद भगतसिंग आणि हुतात्मा राजगुरू. कारण पंजाबातनं, हिंदीतनं नाव आलं ते शहीद घेऊन आलं, आणि खेडच्या राजगुरूला मराठी माणसानं आपल्या शब्दात हाक मारली. मानात तसूभर फरक नाही, फरक फक्त भाषेच्या वाटेचा.

आणि सोलापुरात तर शेजारच्या भाषा पण हाकेवर. कन्नडमध्ये हुतात्म असंच म्हणतात, अक्कलकोटकडच्या गावाला दोन भाषांत पाटी करून दिली होती तेव्हा कन्नड मजकूर लिहून देणारे गुरुजी म्हणाले, अरे शब्द तोच आहे, फक्त शेवटचा काना काढ. तेलुगूत अमरवीरुडु म्हणतात, पूर्व भागातल्या गिऱ्हाइकांच्या मजकुरात तो येतो. उर्दूत शहीद. एकाच माणसासाठी तीन तीन शब्दांच्या पाट्या मी केल्यात, कुणाचं काही बिघडलं नाही.

आता तिसरी पार्टी, हळू बोलणारी. खरं सांगू का, तुमच्या भांडणातला खरा मुद्दा यांच्याकडंच आहे, आणि त्यांना 'गद्दार' वगैरे म्हणून गप्प बसवू नका. त्यांचं म्हणणं असं की नुसतं मरण आलं म्हणून कुणी हुतात्मा होत नाही. हे बरोबर आहे. मराठीत याच्यासाठी फरक करणारे शब्द पण आहेत. बळी गेला आणि बलिदान दिलं, यात एक अक्षर इकडंतिकडं, पण एकात माणूस घेतला जातो आणि दुसऱ्यात तो स्वतःला देतो. पुरात बळी जातात, डंपरखाली बळी जातात, चेंगराचेंगरीत बळी जातात. बिचारे, पण हुतात्मे नव्हेत. पेपरात असताना आमचे वरिष्ठ एकच प्रश्न विचारायचे, "तो तिथनं बाजूला होऊ शकत होता का? आणि तरी थांबला का?" दोन्हीला हो आलं तर हुतात्मा, नाहीतर मृत. कडक होता माणूस, पण कसोटी चांगली होती.

ही कसोटी लावून बाबू गेनू बघा. १२ डिसेंबर १९३०, मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला आणि ट्रक अंगावरनं गेला. म्हणजे मरण कसलं? गाडीखाली आलेलं. निव्वळ पंचनाम्याच्या भाषेत लिहिलं असतं तर वाहनाची धडक, एक इसम मयत. पण तो बाजूला होऊ शकत होता आणि झाला नाही. म्हणून गाडी होती की गोळी होती याच्यावर ठरत नाही. तिसऱ्या पार्टीला हे नक्की सांगा, 'अपघात' या एका शब्दानं विषय बंद होत नाही.

मग तुमच्या जवानाचं काय? इथं परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी इथं बसून निकाल देणार नाही. गाडी कुठं चालली होती? रजेवर घरी येताना एसटी स्टँडबाहेर झालेला अपघात वेगळा, आणि बंदोबस्ताच्या ठिकाणी, जिथला रस्ताच जीवघेणा आहे तिथं हुकमावरनं जाताना झालेला वेगळा. तुम्ही लिहिलंय की दुसरा प्रकार आहे. तिथं ट्रकमध्ये बसताना त्या पोरानं रस्ता बघितलेला असतोच की. पहिल्या दिवशी भरती होतानाच त्यानं एकदा मान पुढं केलेली असते, मग रोज ती नव्यानं करावी लागत नाही. मी स्वतः अशा वेळी शब्द द्यायला हात आखडता घेत नाही. पण कुणी घेतला तर त्याला देशद्रोही पण म्हणत नाही.

आणि मराठीत हा शब्द नुसता सैनिकाचा कधीच नव्हता हे पण लक्षात ठेवा. उलट मूळ गिऱ्हाईक सैनिक नव्हतंच. फाशी गेलेले क्रांतिकारक, १९४२ ला तिरंगा हातात धरून गोळ्या खाल्लेली नंदुरबारची शिरीषकुमारसारखी पोरं, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात पडलेली माणसं, ज्यांच्यामुळं मुंबईत फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. ३० जानेवारीला गांधीजींच्या स्मृतीला आपण हुतात्मा दिन म्हणतो, सकाळी अकराला दोन मिनिटं उभं राहतो. यातलं कुणी गणवेशात नव्हतं. सैनिकासाठी जुनी मराठी वेगळे शब्द वापरायची, धारातीर्थी पडला, वीरमरण आलं, रणात कामी आला. धारातीर्थ म्हणजे तलवारीची धार हेच तीर्थ. काय शब्द आहे बघा, पण आता फ्लेक्सवर टाकला तर अर्धी तरणी पोरं विचारतात 'हे कुठलं गाव?'

आता सरकारी कागदाची गोष्ट, कारण इथं लोक फसतात. डिसेंबर २०१५ मध्ये लोकसभेत सरकारनं लेखी उत्तर दिलं होतं की भारतीय सैन्यदलात मृत्यू झालेल्या कुणासाठीही मार्टर हा शब्द अधिकृतपणे वापरला जात नाही, आणि निमलष्करी दलांतही नाही. कागदावर सैन्यात बॅटल कॅज्युअल्टी म्हणतात, केंद्रीय पोलीस दलांत ऑपरेशन्स कॅज्युअल्टी. पुढं फेब्रुवारी २०२२ मध्ये सैन्याच्या मुख्यालयानंच आपल्या सगळ्या कमांडना पत्र काढलं की मार्टर म्हणू नका, कारण त्या शब्दाचा अर्थ धर्म किंवा मत सोडायला नकार दिला म्हणून मारला गेलेला असा होतो, सैनिकाला तो नीट बसत नाही, त्याऐवजी 'सर्वोच्च बलिदान' अशा धर्तीचं लिहा. इंग्रजी शब्दाच्या मूळ अर्थानं बघितलं तर सैन्याचं म्हणणं बरोबरच आहे, त्या मापानं सोलापूरचे चौघं शंभर टक्के बसतात आणि लढता लढता पडलेला सैनिक थोडा बाजूला राहतो. पण मराठी हुतात्मा हे त्याचं शब्दाला शब्द भाषांतर नाही, त्यात मत-बित काही नाही, आहुती आहे. सैनिक त्यात आरामात बसतो.

गंमत अशी की दिल्लीचा कागद नाही म्हणतो आणि आपल्या एसटीची जवानांच्या विधवा पत्नींना पासची जी योजना आहे तिच्या नावातच 'शहीद सन्मान' आहे. म्हणून माझा सल्ला असा, कमानीवर आणि सभेत जो शब्द वापरायचा तो वापरा, तिथं अडवणारा कुणी नाही, त्याला परवाना लागत नाही. पण पेन्शनचा, अनुदानाचा, मुलांच्या फीचा कुठलाही अर्ज लिहिताना शहीद-हुतात्मा वर भर देऊ नका. दलाकडून आलेल्या पत्रात मृत्यूचं जे वर्गीकरण लिहिलंय तेच, त्याच शब्दात, पत्राचा नंबर आणि तारीख घालून उतरवा. एका घरानं अर्जात पानभर 'शहीद' लिहिलं होतं आणि मुख्य ओळ, म्हणजे ड्युटीवर असताना मृत्यू, तीच राहून गेली, अर्ज परत आला. मी टाइप केला होता, म्हणून ठाऊक.

आता माझा खरा धंदा, व्याकरण. पाटी ग्रॅनाइटची आहे, फ्लेक्स असता तर चार दिवसांनी बदलला असता, दगडावर खोडता येत नाही.

एक हुतात्मा, अनेक हुतात्मे. पण पुढं प्रत्यय लागला की हुतात्म्याला, हुतात्म्यांना, हुतात्म्यांचे. जिल्ह्यात दहातल्या निदान चार पाट्यांवर 'हुतात्मांना' असं कोरलंय, तुम्ही फिरताना बघा, एकदा डोळ्यात बसलं की सगळीकडं दिसतं. आत्मा, आत्म्याला, महात्मा, महात्म्याला, तसंच हे. नावाआधी बिरुद म्हणून आला तर तसाच ठेवायचा, 'हुतात्मा अमुक यांना अभिवादन'. याला अपवाद फक्त आपली गाडी, हुतात्मा एक्सप्रेस. 'हुतात्मा सुटली', 'हुतात्मानं पुण्याला गेलो', 'हुतात्माचं रिझर्वेशन मिळालं नाही' असं अख्खं सोलापूर बोलतं, तिथं तो शब्द स्त्रीलिंगी पण झालाय आणि प्रत्यय पण सरळ लागतात, आणि ते बरोबर आहे, कारण ती एक्सप्रेस आहे. 'हुतात्म्यानं पुण्याला गेलो' म्हणाल तर लोक घाबरून बघतील. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाचं पण तेच, 'हुतात्माला नाटक आहे' म्हणतो की आपण.

शहीदचं शुद्धलेखन उलटं. एकटा असताना ही दीर्घ, शहीद. प्रत्यय लागला की ऱ्हस्व, शहिदांना, शहिदांचे. गरीब, गरिबांना तसं. 'शहीदांना' ही चूक आहे आणि ती तर पेपरात पण रोज असते. भाववाचक नाम हौतात्म्य, वर दोन मात्रा, 'हुतात्म्य पत्करले' लिहू नका. हुतात्मा आणि कै. दोन्ही एकदम लावू नका, 'हुतात्मा कै. अमुक' म्हणजे सदऱ्यावर सदरा. हु. असं संक्षिप्त तर अजिबात नको, एवढ्या मोठ्या शब्दाला एका अक्षरात कोंबून ग्रॅनाइटचे किती रुपये वाचणार?

आणि एक चूक, जी मी केली आणि अजून टोचती. कार्यक्रमाची पत्रिका होती, सत्कारमूर्तींच्या यादीत मी 'शहीद पत्नी' आणि खाली त्या बाईंचं नाव असं टाइप केलं. सगळे तसंच लिहितात म्हणून मला काही वाटलंच नाही. प्रूफ बघायला त्या स्वतः आल्या होत्या, भावाबरोबर. त्यांनी बोट ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "दादा, असं वाचलं तर मीच गेले असं होतंय की ओ." मला बोलता येईना. मराठीत शहीद पत्नी म्हणजे शहीद झालेली पत्नी, दुसरा अर्थच निघत नाही. त्या दिवसापासून माझ्या दुकानात फक्त वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता. तुमच्या कमानीच्या उद्घाटनाला पत्रिका काढाल तेव्हा हे आधी बघा, बाकी काही विसरलात तरी चालेल.

मधेच एक आलं मनात. या शब्दांचं वजन आपणच कमी करतो. मोबाईल पाण्यात पडला की 'फोन शहीद झाला'. ऑफिसात साहेबापुढं कुणी बोलायचं म्हटलं की 'तू हो हुतात्मा'. घरात कुणी चार भांडी जास्त घासली आणि दिवसभर सुस्कारे सोडले की 'हुतात्म्याचा आव आणू नको'. यातला शेवटचा वापर मला आवडतो, तो शब्द नीट समजून केलेली चेष्टा आहे, कारण खरा हुतात्मा सांगत बसत नाही. पहिले दोन चालतात गप्पांत. पण निवडणुकीत तिकीट कापलं म्हणून पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर 'राजकीय हुतात्मा' लिहायला आला होता एक कार्यकर्ता, त्याला म्हटलं, बाबा दुसरं दुकान बघ.

बरं, आता तुमची कमान. मी असतो तर दगडावर दोन थर केले असते. वर नाव मोठं, नावाआधी 'हुतात्मा जवान' किंवा 'वीर जवान'. खाली लहान अक्षरात काय झालं ते साधं वाक्य, कुठल्या दलात, कुठल्या भागात, कुठल्या तारखेला, 'कर्तव्यावर जात असताना वाहन दरीत कोसळून वीरमरण आले'. दरी, वाहन हे लपवू नका. पन्नास वर्षांनी गावातलं एखादं पोरगं ती पाटी वाचेल, त्याला नुसतं हुतात्मा वाचून काही कळणार नाही, तो नेमका कसा गेला हे कळायला पाहिजे. आणि तिसऱ्या पार्टीची तक्रार तिथंच मिटती, कारण पाटी खोटं बोलत नाही, जे झालं ते लिहिलंय आणि गावानं त्याला जे नाव दिलंय ते पण लिहिलंय. शहीद पार्टी फारच हटून बसली तर शहीद लिहा, मराठी बुडत नाही, फक्त 'शहिदां' मधली वेलांटी बघा. 'अमर रहे' मात्र टाळा, ती घोषणा आहे, द्यायची असते, कोरायची नसते, आणि मराठी पाटीवर हिंदी क्रियापद उगाच लोंबतं.

ग्रामसभेत मतदान वगैरे घेऊ नका या विषयावर. त्याच्या आईला विचारा. तुमच्या प्रश्नात आईचा उल्लेख आहे, वडील नाहीत असं दिसतंय. माझ्याकडं आलेल्या अशा तीन-चार घरांत आई-बापांनी सांगितलेला शब्द गावानं मुकाट मान्य केला, एकदा तर आईनं हुतात्मा, शहीद काहीच नको म्हणून सांगितलं, नुसतं पोराचं नाव आणि त्याखाली शाळेत असताना त्याला काय हाक मारायचे ते टाक म्हणाली. टाकलं. वेशीवर अजून आहे ती पाटी.

मजकूर पक्का झाला की दगडवाल्याकडं जायच्या आधी फोटो काढून मला पाठवा, पैसे नकोत. आणि दगडवाल्याला कागदावर प्रिंट द्या, मोबाईलवरनं वाचून दाखवू नका, त्यांच्या फॉन्टमध्ये 'त्म्य' हे जोडाक्षर तुटतं आणि 'हुतात‌ म्यांना' असं मधे भगदाड पडतं. माझ्याच एका पाटीवर पडलंय, मंगळवेढ्याच्या रस्त्याला.